आरएक्स-७ स्लोवर निळा धूर मारते : इंजिन खोलायचं की थांबायचं?

शिवडीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतोय, पण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार, म्हणून सगळंच लिहितो.

गाडी माझदा आरएक्स-७, एफडी (म्हणजे तिसरी पिढी), १९९३ची. पहिल्या मालकांनी परदेशातली नोकरी संपवून घरी परतताना सोबत आणलेली. माझ्याकडे येऊन अडीच वर्षं झाली. इंजिन मूळचंच, १३बी-आरईडब्ल्यू. हे रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात, ६५४ सीसीचे दोन. कंपनीचे दोन छोटे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) मात्र माझ्या आधीच्या मालकाने काढून टाकले आणि एकच मोठा, बॉल बेअरिंगचा टर्बो बसवून घेतला. ते काम कुठे झालं, कोणते पार्ट वापरले, याचा एकही कागद मला मिळाला नाही.

आता त्रास. गाडी स्लोवर, म्हणजे उभ्या उभ्या रेस न देता चालू असताना, निळा धूर मारते. नेहमी नाही, आणि तिथेच माझं डोकं चालेनासं झालंय. परवा वडाळ्याच्या सिग्नलला उभा होतो. पहिलं मिनिट काही नाही. दुसऱ्या मिनिटाला आरशात हलकी निळसर झाक दिसली, तिसऱ्याला मागच्या रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला. सिग्नल सुटल्यावर रेस दिली तर एक मोठा ढग निघाला आणि मग पुढे फ्रीवेवर एकदम साफ.

एका गॅरेजला दाखवली. "व्हॉल्व्ह सील गेलेत, रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल," असं सांगून साडेचार लाखांचा अंदाज हातात दिला. या इंजिनात व्हॉल्व्ह नसतातच. मी काही न बोलता गाडी घरी आणली. आता कुणावर विश्वास ठेवायचा कळत नाही. सोसायटीच्या तळमजल्यावर एक आजी राहतात, त्यांच्या खिडकीसमोर गाडी लागते, त्यामुळे घरी चालू करून बघायलाही संकोच वाटतो.

---

टू_टी

आधी एक काम करा. रंग लिहिलात, छान. आता वेळ लिहा. सकाळी पहिल्या स्टार्टला धूर? गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत चालू केल्यावर? गिअरमध्ये असताना एक्सिलरेटरवरून एकदम पाय काढल्यावर? बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो जोरात हवा कोंबत असताना? तेल किती खाते? कूलंट कमी होतंय का?

बाकीच्यांसाठी सांगतो, रोटरी इंजिन थोडं तेल जाळतंच, तो बिघाड नाही. ज्यांनी आरएक्स १०० किंवा जुनी चेतक चालवली आहे त्यांना हे पटकन कळेल. टू-स्ट्रोकमध्ये आपण टू-टी ऑइल वेगळं घालायचो, कारण सिलिंडरला वंगण मिळायची दुसरी सोयच नव्हती. रोटरीतही रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, घराच्या भिंतीवर सतत घासत असतात. त्यांना तेल पोचवायला मीटरिंग पंप असतो आणि तो इंजिनातलंच तेल थेंबाथेंबाने आत सोडतो. ते जळणारच. पण मीटरिंग पंपाच्या तेलाने सिग्नलला ढग होत नाही, जास्तीत जास्त मागच्या बंपरला हलका काळा लेप बसतो.

---

मिलिंद_डोंबिवली

कूलंट सील असू शकेल. पावसाळ्यात माझ्या साध्या गाडीलाही सकाळी पांढरा धूर येतो, तो पाण्याचा. पण रोटरीत कूलंट आत शिरायला लागलं की इंजिन गेलंच समजा, असं ऐकलंय.

---

टू_टी

मिलिंद, तो पांढरा असतो आणि जरा गोडसर वास येतो. शिवाय त्याची लक्षणं वेगळी. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एकाच रोटरवर थडथडत चालू होते, कूलंटच्या तोंडाशी बुडबुडे येतात, पाणी कमी झाल्याचा बझर वाजतो. शिवडीकर निळा आणि तेलाचा वास म्हणतायत. तरी कूलंटचं उत्तर द्या, म्हणजे तो रस्ता बंद करून टाकू.

---

शिवडीकर

चार दिवस वहीत लिहून ठेवलं, तसंच उतरवतो.

सकाळचा पहिला स्टार्ट : धूर नाही. मागे पांढरा रुमाल धरून बघितला, ओलसर झाला, तेलाचा डाग नाही.
गरम असताना बंद करून पंधरा मिनिटांनी स्टार्ट : किंचित, दोन-तीन सेकंद.
फ्रीवेवर सलग वीस मिनिटं : काही नाही.
बूस्टमध्ये : काही नाही, मुलगा मागच्या गाडीत बसून बघत होता.
स्लोवर दोन मिनिटांच्या पुढे : दर वेळी.
कूलंट : आठवडाभरात रेघ हलली नाही. बझर नाही.
तेल : पाचशे किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या वर गेलंय. आधी इतकं जात नव्हतं.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का तेही बघितलं, नाही. तेलाची पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली.

---

गिरगावचा_नाना

माझ्याकडे एफसी आहे, म्हणजे तुमच्या आधीच्या पिढीची आरएक्स-७, १९८९ची टर्बो. तुमचं वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण तीन वर्षांपूर्वी मीही याच वाटेने गेलोय आणि माझं इंजिन खोलावंच लागलं. पण थांबा, माझी लक्षणं तुमच्यासारखी नव्हती, म्हणूनच सविस्तर लिहितो.

माझी गाडी पहिल्या स्टार्टलाच धूर मारायची. रात्रभर उभी केली, सकाळी चावी फिरवली की आख्खा चाळीचा चौक निळा. पाच मिनिटांत कमी व्हायचा. गरम असताना वीस मिनिटं उभी केली तरी पुन्हा तेच. इंजिन खोललं तेव्हा ऑइल कंट्रोल रिंग हातात आल्या. रोटरच्या प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे एका रोटरला चार, दोन्ही मिळून आठ. प्रत्येक रिंगेखाली रबराची ओ-रिंग असते. ती बोटाने दाबली तर दबायला हवी. माझ्या सगळ्या कडक झाल्या होत्या, एक तर नखाने उचलताना कट्कन तुटली, बिस्किटासारखी. तिच्यातून तेल रात्रभर खाली उतरून कप्प्यात साचायचं, तोच सकाळचा ढग.

तुमचा सकाळचा स्टार्ट साफ आहे. ओ-रिंग गेलेल्या असत्या तर सकाळ साफ राहिली नसती, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मात्र तपासून घ्या. साधं मीटर लावू नका, ते सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं. रोटरीत एका रोटरच्या तीन बाजू असतात, तिन्ही वेगळ्या दिसायला हव्यात. माझ्याकडे रोटरीचं टेस्टर आहे, रविवारी या. बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करून आणा, स्टार्टरने इंजिन फिरायचा वेग कमी पडला की आकडे खोटे येतात.

---

शिवडीकर

नाना, रविवारी सकाळी नऊला येतो. मनापासून आभार.

---

कुर्ला_वेस्ट

बाजूने एक बोलू का? सीएसटी रोडला जाऊन जुना टर्बो उचलायच्या फंदात पडू नका. तिथे या गाडीचं काही मिळणार नाही, आणि मिळालं तरी कोणत्या इंजिनाला लागलेलं होतं ते कुणी सांगणार नाही.

---

शिवडीकर

नानांकडे जाऊन आलो. पेट्रोल बंद केलं, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला, प्रत्येक रोटरचा एक प्लग काढून टेस्टर लावलं. तिन्ही ठोके एकसारखे पडत होते, टक टक टक, नाना म्हणाले कान लावून ऐक, आकडा नंतर बघ.

पुढचा रोटर : ७.४, ७.३, ७.४
मागचा रोटर : ७.१, ७.२, ७.०

सगळे किलो प्रति चौरस सेंटीमीटर, २५० आरपीएमच्या हिशोबात आणलेले. नाना म्हणतात या इंजिनाला ६च्या खाली गेलं तर काळजी, म्हणजे साधारण ८५ पीएसआय. तीस वर्षांच्या इंजिनाला हे आकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

काढलेले प्लग बघितले. दोन्ही तपकिरी, कोरडे.

---

गिरगावचा_नाना

पण मी त्याला तिथेच सांगितलं, इथेही लिहून ठेवतो. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे ऑइल रिंगही चांगल्याच आहेत असं होत नाही. कॉम्प्रेशन एपेक्स, कॉर्नर आणि साइड सीलचं असतं. ऑइल रिंग त्यांच्या आतल्या बाजूला बसतात, मीटरला त्या दिसतच नाहीत. माझं कॉम्प्रेशनही उत्तम होतं. तेव्हा अजून हुरळून जाऊ नका.

---

अपर्णा_ठाणे

नमस्कार. आमचं टर्बो दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, बहुतेक ट्रक-बसचे डिझेल टर्बो येतात. रोटरी मी आयुष्यात एकदाच हाताळली आहे, पण "स्लोवर दोन मिनिटांनी" वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. हे वाक्य आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येतं.

टर्बोच्या सीलबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. आत रबरी सील नसतो. पिस्टन रिंगसारखी बारीक लोखंडी रिंग असते, शाफ्टच्या खाचेत बसलेली. ती काही बाटलीच्या बुचासारखी तेल अडवत नाही. तेल येतं दाबाने, पण परत जातं निव्वळ स्वतःच्या वजनाने, खालच्या नळीतून. ती नळी मोकळी असेल तर आतलं घर कधी भरतच नाही आणि रिंगेवर वेळच येत नाही. नळी अरुंद, वाकलेली किंवा बसकी झाली की तेल आत साठतं. गाडी पळत असताना बाहेरून एक्झॉस्टचा आणि बूस्टचा दाब रिंगेवर असतो, तो तेलाला आत ढकलतो. स्लोवर तो दाब जवळजवळ नसतो. साठलेलं तेल हळूहळू टर्बाइनच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) गरम बाजूला झिरपतं आणि धूर. मग रेस दिलीत की साचलेलं सगळं एकदम जळतं, तोच तुमचा सिग्नलचा ढग.

म्हणजे टर्बो शंभर टक्के चांगला असूनही धूर मारू शकतो. असे कितीतरी टर्बो आमच्याकडे येतात. आम्ही ते तपासून जसेच्या तसे परत पाठवतो आणि सांगतो, नळी बघा.

शिवडीकर दादा, तीन गोष्टी सांगा. तेल परत नेणारी नळी कशाची आहे आणि तिला कुठे झोळ पडलाय का? तेल आणणाऱ्या नळीत रिस्ट्रिक्टर (तेलाचा ओघ कमी करणारं बारीक भोक) आहे का? क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या आतल्या तेलाच्या वाफा बाहेर जायची वाट मोकळी आहे का, की कॅच कॅनची (त्या वाफांतलं तेल धरणाऱ्या डब्याची) नळी तुंबलीय? तिसरं महत्त्वाचं, कारण आत दाब साठला तर तेल खाली उतरूच शकत नाही.

---

टू_टी

अपर्णाताई, तुमचं म्हणणं मला पटलं, पण इंजिनातून येणारं तेल आणि टर्बोतून येणारं तेल वेगळं कसं करायचं? सायलेन्सरला दोन्ही सारखंच दिसतं.

---

अपर्णा_ठाणे

सायलेन्सरला दिसतं सारखं, पण टर्बोच्या आधी आणि नंतर बघितलंत तर नाही. तेल इंजिनातून येत असेल तर एक्झॉस्ट पोर्टपासूनच, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडायच्या तोंडापासूनच ओल दिसते. टर्बोतून असेल तर पोर्ट कोरडा आणि टर्बाइनच्या पुढचा भाग ओला. डाउनपाइप (टर्बोच्या पुढचा एक्झॉस्टचा पाइप) उतरवून टर्बाइनचं चाक बघा. पोर्टमध्ये बघायला फोनला लागणारा वायरचा कॅमेरा पुरतो.

आणि शाफ्ट हलवून बघा. तुमचा बॉल बेअरिंगचा आहे, त्यात वरखाली जवळजवळ काहीच प्ले, म्हणजे सैलपणा नसावा. साध्या बेअरिंगच्या टर्बोत वरखाली थोडा असतोच, ते बघून लोक उगाच घाबरतात. आत-बाहेर मात्र दोन्हींत जाणवायला नको.

---

शिवडीकर

आज सुट्टी टाकली. सकाळपासून गाडीखाली होतो, हात अजून काळे आहेत.

मॅनिफोल्डवर (पोर्टपासून टर्बोपर्यंतच्या पाइपवर) एक्झॉस्टचं तापमान मोजायच्या सेन्सरचं भोक होतं. सेन्सर काढून तिथून कॅमेरा घातला. दोन्ही पोर्ट कोरडे. राखाडी, भुरकट, खडूसारखे. मग डाउनपाइप उतरवला. टर्बाइनच्या चाकामागे खालच्या बाजूला चकचकीत काळं तेल, बोट लावलं तर नखापर्यंत आलं. शाफ्टला प्ले नाही, हाताने फिरवला तर शांतपणे फिरत राहिला.

आणि मग ती नळी. जॅक लावून, टॉर्च घेऊन खाली झोपलो आणि पाच मिनिटं नुसता बघत बसलो. कुणीतरी पेट्रोलची रबरी नळी वापरलीय. डाउनपाइपपासून एका बोटाच्या अंतरावर. टर्बोकडून निघते, खाली उतरते, मध्येच झोळ घेऊन पुन्हा वर चढते आणि मग इंजिनाला जाते. क्लिप इतकी आवळलीय की रबर आत दुमडलंय. काढून आतून बघितली तर उष्णतेने फुगलेली, भिंती एकमेकींना टेकायला आलेल्या. करंगळी घालायला गेलो, पेरभरही आत जाईना. बॉलपेन तेवढं गेलं.

वरच्या, तेल आणणाऱ्या नळीत रिस्ट्रिक्टर नाही. नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचं (बँजो बोल्ट) भोक नुसतं मोकळं.

कॅच कॅनची नळी ठीक, फुंकर आरपार जाते.

---

गिरगावचा_नाना

वाचून जीव भांड्यात पडला रे! कोरडा पोर्ट म्हणजे तुझ्या ऑइल रिंग सध्या तरी शाबूत. इंजिनाला हात लावू नकोस.

---

अपर्णा_ठाणे

दोन्ही चुका एकाच वेळी झाल्यात. वरून तेल गरजेपेक्षा जास्त येतंय आणि खालून जायला वाट नाही.

रोटरीचा ऑइल पंप चांगलाच जोरकस असतो. बॉल बेअरिंगच्या टर्बोला इतकं तेल लागत नाही, म्हणून तिथे साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर घालतात. साध्या बेअरिंगच्या टर्बोला तो घालू नका बरं का, त्याला तेल भरपूर लागतं, तिथे रिस्ट्रिक्टर घातला तर बेअरिंग जळेल. इतर कुणी हा धागा वाचून आपल्या गाडीला लावेल म्हणून मुद्दाम लिहितेय.

परतीची नळी दहा नंबरची घ्या, आतून साधारण १४ मिलिमीटर. सतत उतार हवा, जितकी उभी तितकी बरी. कुठेही झोळ नको आणि तेलाच्या पातळीच्या वरच इंजिनात जायला हवी. डाउनपाइपजवळ उष्णतेचं वेष्टण घाला. रबर नकोच तिथे.

आणि नळी मोकळी सोडून, खाली बाटली धरून इंजिन चालू करून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गरम एक्झॉस्टवर तेल पडलं की पेट घेतं. आमच्याकडे हे करतात तेव्हा टर्बो थंड असतो आणि शेजारी आग विझवायचं सिलिंडर घेऊन माणूस उभा असतो.

---

मिलिंद_डोंबिवली

हे वाचून मी माझ्या डिझेल गाडीखाली जाऊन नळी बघून आलो. ठीक आहे. धन्यवाद ताई.

---

शिवडीकर

दहा दिवसांनी लिहितोय.

नळी ठाण्याला अपर्णाताईंच्या वर्कशॉपमध्येच करून घेतली. वरच्या बोल्टमध्ये १ मिमीचा रिस्ट्रिक्टर त्यांच्याच लेथवर बनवला. परतीची तारेच्या वेणीची नळी, टर्बोपासून सरळ खाली, कुठेही वळण नाही. टर्बो उघडलाच नाही. ताईंनी हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "याला काहीही झालेलं नाही." तेल आणि फिल्टर बदलला. सगळं मिळून खर्च अकरा हजारांच्या आत.

पहिल्या दिवशी घाबरलो, कारण घोडबंदरवरून परत येताना आणखीच धूर निघाला. ताईंना फोन केला. सायलेन्सरमध्ये महिनाभराचं तेल साठलंय, ते जळून संपू दे म्हणाल्या. जवळपास दीडशे किलोमीटर धूर निघत राहिला, रोज थोडा कमी.

काल संध्याकाळी कलानगरच्या सिग्नलला सात मिनिटं उभा होतो. घड्याळ लावून. आरशातून नजर काढली नाही. काही नाही. मग सिग्नल सुटला, रेस दिली, तरी काही नाही. मागे बस होती, तिचा ड्रायव्हर गाडीकडे बघून हसला.

आजींना सांगितलं, आता खिडकी लावायची गरज नाही. त्या म्हणाल्या, आवाज छान आहे हो तुमच्या गाडीचा.

---

टू_टी

फार छान वाटलं. आता एकच, टाकीत प्रीमिक्स करत असाल, म्हणजे पेट्रोलमध्येच टू-टी मिसळत असाल, तर लिटरला सात-आठ मिली पुरे, आणि पंपावरचं सुटं टू-टी नको, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (तेलाच्या दर्जाची खूण, गाडीच्या पिढीशी संबंध नाही) लिहिलेलं घ्या. नाहीतर परत धूर दिसेल आणि तुम्ही परत गाडीखाली जाल.

---

कुर्ला_वेस्ट

पीयूसीचं काय झालं?

---

शिवडीकर

उद्या सकाळी जातोय. तिथे स्लोवरच नळी घालून मोजतात, त्यामुळे आधी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करूनच नेणार. आकडे आले की इथेच टाकतो. आणि जुन्या नळीचा उभा कापून घेतलेला फोटो खाली जोडलाय, बॉलपेन शेजारी ठेवून.